सॉफ्टवेअर सिंथवर एन्व्हलप बसवण्याचा क्रम : आधी सस्टेन, शेवटी अटॅक

एन्व्हलप म्हणजे पट्टी दाबल्यापासून आवाजाची पातळी कशी चढते-उतरते तो आकार. सॉफ्टवेअर सिंथेसायझरच्या, म्हणजे संगणकात आवाज घडवणाऱ्या वाद्याच्या, पडद्यावर त्याचे अटॅक, डिके, सस्टेन आणि रिलीज हे चार नॉब डावीकडून उजवीकडे मांडलेले असतात आणि बहुतेक जण त्याच क्रमाने ते फिरवत जातात. पडद्यावरचा तो क्रम आवाज कसा उमटतो आणि विरतो हे दाखवतो. निर्णय त्या क्रमाने घेतले तर प्रत्येक नवा नॉब आधीच्या नॉबवर घेतलेली मेहनत फुकट घालवतो. डिके बारकाईने जुळवावा आणि मग सस्टेन पूर्ण वर नेल्यावर तो डिके ऐकूच येऊ नये, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की अनेकांचा समज त्या नॉबमध्येच काही दोष आहे असा होतो.

पुढील कृती व्हायटल या मूळ आवृत्तीत मोफत मिळणाऱ्या सिंथवर सांगितली आहे, कारण त्यात एन्व्हलपचा आकार रेषेच्या रूपात डोळ्यांसमोर राहतो आणि ते कुठे जोडले आहे तेही लगेच कळते. सर्ज एक्सटी किंवा सीरम हे सिंथ वापरणाऱ्यांनाही हाच क्रम लागू पडतो. नावे आणि जागा तेवढ्या बदलतील.

तयारी : आकडे, कान आणि कोरा पॅच

एन्व्हलपचे सर्व काळ मिलीसेकंदांत किंवा सेकंदांत मोजले जातात, तर गाणे लयीत चालते. म्हणून सिंथ उघडण्यापूर्वी गाण्याच्या लयीचे आकडे कागदावर लिहून ठेवावेत. ६०,००० या संख्येला बीपीएमने, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांच्या संख्येने, भागले की एका ठोक्याचे मिलीसेकंद मिळतात. ८० बीपीएमच्या संथ गाण्यात एक ठोका ७५० मिलीसेकंदांचा, अर्धा ३७५ चा आणि पाव सुमारे १८८ चा होतो. १२० बीपीएमला हेच आकडे ५००, २५० आणि १२५ होतात. या लेखातील उदाहरणे ८० बीपीएमची आहेत.

त्यानंतर ऐकण्याची व्यवस्था पाहावी. ब्लूटूथ हेडफोनमध्ये पट्टी दाबल्यापासून आवाज कानावर येईपर्यंत जाणवण्याइतका उशीर होतो आणि तो उशीर अटॅकचा आहे असे समजून लोक अटॅक कमी करत बसतात. या कामासाठी तारेचा हेडफोन किंवा स्पीकरच घ्यावा. ऑडिओ बफरही, म्हणजे आवाज बाहेर पडण्याआधी संगणक त्याचा जो तुकडा साठवतो तोही, तपासावा : ४८,००० हर्ट्झच्या सॅम्पल रेटला २५६ सॅम्पलचा बफर सुमारे ५ मिलीसेकंदांचा असतो, १०२४ सॅम्पलचा मात्र २१ मिलीसेकंदांहून अधिक. ५ मिलीसेकंदांच्या अटॅकबद्दल निर्णय घेताना २१ मिलीसेकंदांचा बफर ठेवण्यात अर्थ नाही.

आता व्हायटलच्या मेनूतून प्रीसेट, म्हणजे सिंथच्या सर्व नॉबांची मांडणी (तिलाच पॅच म्हणतात), कोरा करून घ्यावा. दुसऱ्याचा तयार प्रीसेट उघडून त्यात बदल करण्याचा मोह होतो, परंतु त्यात चार-पाच मॉड्युलेशन, म्हणजे नॉब आपोआप हलवणाऱ्या जोडण्या, आधीच असतात आणि आपण फिरवलेल्या नॉबचा परिणाम कोणता व त्यांचा कोणता, हे वेगळे करता येत नाही. कोऱ्या प्रीसेटमध्ये ऑसिलेटर १, म्हणजे मूळ लहर निर्माण करणारा भाग, चालू असतो. त्यावर करवतीच्या दात्यांसारखी लहर दिसत नसेल तर बेसिक शेप्स या वेव्हटेबलमधून (लहरींच्या संचातून) ती निवडावी. ही लहर वरच्या स्वरांशांनी भरलेली असल्यामुळे पुढे फिल्टरचे काम स्पष्ट ऐकू येते. इफेक्ट्सच्या टॅबवर जाऊन रिव्हर्ब, डिले आणि कॉम्प्रेसर बंद आहेत याची खात्री करून घ्यावी. ट्रॅकवर बाहेरून लावलेले प्लगइनही तात्पुरते बंद ठेवावेत.

शेवटी एक छोटी मिडी क्लिप, म्हणजे सिंथने वाजवायच्या नोटांची नोंद, तयार करावी. त्यात दोन ठोक्यांची एक लांब नोट, चार अर्ध्या ठोक्यांच्या नोटा आणि आठ पाव ठोक्याच्या तुटक नोटा असाव्यात. ही क्लिप शेवटपर्यंत बदलू नये. हाताने एकच पट्टी दाबून धरून आवाज जुळवणाऱ्यांची फसगत होते ती इथेच. एकट्या लांब नोटेवर सुरेख वाटणारे एन्व्हलप तुटक नोटांवर अनेकदा चालत नाही.

तपासणी : क्लिप वाजवल्यावर आवाज सपाट यावा, नोट संपताच तो थांबावा आणि मागे कोणतीही शेपटी राहू नये. शेपटी राहत असेल तर कुठला तरी इफेक्ट अजून चालू आहे.

चार नॉबांचा नेमका अर्थ

अटॅक म्हणजे पट्टी दाबल्यापासून पातळी शून्यावरून सर्वोच्च बिंदूपर्यंत पोहोचायला लागणारा काळ. डिके म्हणजे त्या बिंदूवरून सस्टेनच्या पातळीपर्यंत उतरण्याचा काळ. रिलीज म्हणजे पट्टी सोडल्यानंतर पातळी शून्यावर येण्याचा काळ. या तिघांत काळ मोजला जातो. सस्टेनमध्ये मोजली जाते ती पातळी, म्हणजे पट्टी दाबून ठेवली असताना आवाज जिथे स्थिरावतो ती उंची. “सस्टेन वाढवला तरी आवाज जास्त वेळ टिकत नाही” ही तक्रार या गैरसमजातून येते. आवाज किती वेळ टिकेल हे बोट किंवा मिडी नोटेची लांबी ठरवते.

व्हायटलमध्ये याखेरीज डिले आणि होल्ड असे आणखी दोन नॉब आहेत. डिले एन्व्हलप सुरू होण्यापूर्वी थांबवून ठेवतो, तर होल्ड सर्वोच्च बिंदूवर काही काळ रोखतो. पहिला पॅच बसेपर्यंत दोन्ही शून्यावर असावेत.

एक गोष्ट पक्की लक्षात असावी : व्हायटलमध्ये एन्व्ह १ हे नेहमीच आवाजाच्या पातळीला जोडलेले असते आणि ती जोडणी काढता येत नाही. सीरममध्येही पहिले एन्व्हलप हेच काम करते. सर्ज एक्सटीमध्ये पातळीचे आणि फिल्टरचे एन्व्हलप वेगवेगळ्या नावांनी मांडलेले आहेत, त्यामुळे तिथे गोंधळ कमी होतो.

टप्पा १ : सस्टेन, म्हणजे आवाजाची जात ठरवणे

पहिला प्रश्न असा विचारावा की पट्टी दाबून ठेवली असता हा आवाज चालू राहायचा आहे की आपोआप विरायचा आहे. पेटीचा स्वर भाता चालू असेतोवर टिकतो, बासरीचा स्वर फुंक असेतोवर टिकतो. अशा आवाजांचा सस्टेन वर असतो. संतूर, सतार, पियानो, घुंगरू यांच्यात एकदा आघात झाला की पुढे ऊर्जा मिळत नाही, म्हणून सस्टेन शून्य. तिसरा प्रकार या दोहोंमधला आहे : सुरुवातीला ठसठशीत आणि नंतर थोडा खाली बसून टिकणारा, जसे सिंथचे ब्रास किंवा बेस. त्यासाठी सस्टेन मधोमध किंवा किंचित वर ठेवावा.

आपल्या उदाहरणात खुडलेल्या तारेसारखा आवाज करायचा असल्याने सस्टेन शून्यावर आणावा. “थोडासा राहू द्या” हा विचार इथे घात करतो. शून्याच्या अगदी जवळ, पण शून्य नसलेला सस्टेन ठेवला तर लांब नोटांच्या खाली एक बारीक गुणगुण शिल्लक राहते. एकट्या ट्रॅकवर ती कळत नाही, परंतु पाच-सहा ट्रॅक एकत्र आले की मिश्रण गढूळ होते.

टप्पा २ : डिके

सस्टेन ठरल्यावरच डिकेला अर्थ येतो, कारण किती खाली उतरायचे हे सस्टेन सांगतो. सस्टेन पूर्ण वर असेल तर उतरायला जागाच नसते आणि डिके कितीही फिरवला तरी फरक पडत नाही. पेटीसारख्या आवाजात हा टप्पा सोडून द्यावा.

तारेच्या आवाजासाठी क्लिपमधील अर्ध्या ठोक्यांच्या नोटांवर काम करावे. त्यांच्यात ३७५ मिलीसेकंदांचे अंतर आहे. तेवढाच डिके ठेवला तर आवाज पुढच्या नोटेच्या बराच आधी संपल्यासारखा वाटतो, कारण उताराचा शेवटचा भाग इतका क्षीण असतो की कान त्याची दखल घेत नाही. म्हणून अंतराच्या दीडपट ते दुप्पट, म्हणजे ५५० ते ७५० मिलीसेकंदांपासून सुरुवात करून खाली यावे. नॉब ओढून नेमका आकडा गाठणे कठीण जाते. नॉबवर उजवी क्लिक केल्यास आकडा हाताने टाकण्याची सोय मिळते.

दक्षता : डिके लांब केला की आवाज मोठाही वाटतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला भासतो. दोन डिकेंची तुलना करताना ट्रॅकचा फेडर हलवून दोन्ही वेळा आवाज साधारण सारखा करून घ्यावा.

टप्पा ३ : रिलीज

रिलीजबद्दल सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी बाब अशी की पट्टी सोडण्याच्या क्षणी पातळी जिथे असेल तिथून तो सुरू होतो. सस्टेनच्या पातळीपासूनच सुरू होतो असे नाही. पाव ठोक्याची तुटक नोट १८८ मिलीसेकंदांनी संपते, त्या वेळी ६०० मिलीसेकंदांचा डिके अजून वाटेतच असतो, आणि रिलीज ३० मिलीसेकंदांचा असेल तर आवाज गळा दाबल्यासारखा तुटतो. लांब नोटेवर हा दोष अजिबात दिसत नाही. तारेच्या आवाजाला यावरचा उपाय सोपा आहे : रिलीज जवळपास डिकेइतकाच ठेवावा. मग पट्टी लवकर सोडली काय किंवा उशिरा सोडली काय, उतार साधारण सारखाच राहतो आणि मिडी नोटेची लांबी गौण ठरते. मुद्दाम दाबलेल्या तारेचा परिणाम हवा असेल तरच रिलीज १०० मिलीसेकंदांच्या खाली न्यावा.

टिकणाऱ्या आवाजांत हिशेब वेगळा असतो. पॅडचा, म्हणजे मागे टिकून राहणाऱ्या स्वरमेळांच्या आवाजाचा, रिलीज इतका हवा की एक स्वरमेळ सोडून दुसरा धरताना मध्ये पोकळी जाणवू नये, आणि इतका नको की आधीच्या स्वरमेळातील न जुळणारा स्वर दुसऱ्यात ऐकू यावा. ८० बीपीएमला एका ठोक्याच्या आसपास, म्हणजे ७०० ते ८०० मिलीसेकंद, ही सुरुवातीची जागा चांगली आहे. दोन सेकंदांचा रिलीज एकट्या ट्रॅकवर भव्य वाटतो आणि गाण्यात गेल्यावर शब्दांवर चढतो. तेवढी शेपटी हवीच असेल तर ती रिव्हर्बकडून घ्यावी, कारण रिव्हर्बचे प्रमाण ओळीगणिक कमी-जास्त करता येते.

रिलीज कधीही पूर्ण शून्य ठेवू नये. लहर मध्येच कापली गेल्याने नोटेच्या शेवटी “टिक्” असा आवाज येतो. ५ ते १० मिलीसेकंद ठेवले तरी तो बहुतेक वेळा जातो. खालच्या सप्तकातील बेसला थोडे अधिक लागतात, कारण ५० हर्ट्झच्या स्वराची एक लहरच २० मिलीसेकंदांची असते.

तपासणी : कीबोर्डला सस्टेन पेडल जोडलेले असल्यास ते काढून ठेवावे, आणि क्लिपमध्ये पेडलची नोंद, म्हणजे मिडी कंट्रोलर ६४, नाही ना हे पाहावे. पेडल दाबलेले असताना पट्टी सोडल्याची सूचना रोखून धरली जाते, रिलीज सुरूच होत नाही आणि दोष मात्र रिलीजच्या नॉबला दिला जातो.

टप्पा ४ : अटॅक

अटॅक शेवटी ठेवण्याचे कारण असे की तो आवाजाच्या उरलेल्या अंगाशी ताडूनच ऐकू येतो. २० मिलीसेकंदांचा अटॅक लांब पॅडवर धारदार वाटतो, आणि २०० मिलीसेकंदांत विरणाऱ्या आवाजावर तोच बोथट.

तारेच्या आवाजासाठी शून्यापासून सुरुवात करून अर्धा-अर्धा मिलीसेकंद वाढवत जावे. शून्यावर प्रत्येक नोटेच्या आरंभी एक टिचकी ऐकू येण्याची शक्यता असते; ती नखीच्या आघातासारखी वाटत असेल तर ठेवावी, बिघाडासारखी वाटत असेल तर १ ते ३ मिलीसेकंदांत ती निवळते. टिचकी दर नोटेला वेगळी येत असेल तर अटॅककडे न पाहता ऑसिलेटरचा फेज पाहावा. व्हायटलमध्ये फेज यादृच्छिक ठेवण्याचे एक प्रमाण असते आणि सुरुवातीला ते पूर्ण वर असते, त्यामुळे लहर दर वेळी वेगळ्या जागेपासून सुरू होते. आघाताच्या आवाजांत आणि बेसमध्ये ते शून्यावर आणले की प्रत्येक नोट सारखी लागते. या एका बदलाने अटॅकबद्दलच्या निम्म्या तक्रारी मिटतात, आणि तरीही तो क्वचितच सांगितला जातो.

पॅडसाठी ३०० ते ६०० मिलीसेकंदांचा अटॅक नेहमीचा, परंतु त्याची किंमत लयीत मोजावी लागते. ८० बीपीएमला ४०० मिलीसेकंद म्हणजे अर्ध्या ठोक्याहून अधिक. स्वरमेळ ठोक्यावर लिहिलेला असूनही कानाला तो मागून आल्यासारखा भासतो. अशा वेळी अटॅक कमी करून पॅडचा स्वभाव बिघडवण्यापेक्षा त्या ट्रॅकच्या मिडी नोटा थोड्या आधी सरकवाव्यात, आणि किती आधी हे तालवाद्य चालू ठेवून कानानेच ठरवावे.

दक्षता : नोट अटॅकपेक्षा आखूड असेल तर पातळी शिखरापर्यंत पोहोचतच नाही. पॅडवर तुटक नोटा वाजवून “आवाज फार बारीक येतो” म्हणत आवाज वाढवला, तर पुढची लांब नोट लाल दिवा लावते, म्हणजे पातळीची मर्यादा ओलांडते.

टप्पा ५ : रेषेचा वक्र

आकडे तेच ठेवून आवाज पूर्ण बदलण्याची ताकद वक्रात असते, आणि बहुतेक जण इथवर येतच नाहीत. एन्व्हलपच्या चित्रात दोन टोकांच्या मध्ये जो छोटा बिंदू दिसतो तो वर-खाली ओढला की रेषा वाकते.

कान आवाजाची तीव्रता गुणोत्तराने जोखतो. लहरीची उंची निम्मी झाली की घट सुमारे ६ डेसिबल होते, आणि पुन्हा निम्मी झाली की आणखी ६. त्यामुळे लहरीची उंची सरळ रेषेत उतरवली तर निम्म्या काळात जेमतेम ६ डेसिबल कमी होतात आणि उरलेली सगळी घसरण शेवटी एकवटते. आवाज आधी रेंगाळतो आणि मग अचानक संपतो. खरी तार सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर सावकाश उतरते, म्हणून डिके आणि रिलीज यांची रेषा खालच्या बाजूला पोटात घेतलेली असावी. वक्र जितका खोल तितका आवाज आखूड भासतो, म्हणून वक्र बदलल्यावर डिकेचा आकडा पुन्हा एकदा पाहावा लागतो. उलट बाजूला फुगवलेला उतार मुद्दाम दाबलेल्या, गेटमधून कापल्यासारख्या तालवाद्याला शोभतो.

पॅडच्या अटॅकला रेषा वरच्या बाजूला फुगवली की सुरुवात लवकर ऐकू येते आणि शिखर मात्र तेवढ्याच काळात गाठले जाते. मागील टप्प्यातील उशिराचा प्रश्न काही अंशी यानेही सुटतो.

इथे प्रीसेट एकदा सेव्ह करावा. यापुढे दुसरे एन्व्हलप येते, आणि काही बिघडले तर परत यायला जागा हवी.

टप्पा ६ : फिल्टरचे एन्व्हलप

पातळीचे एन्व्हलप पूर्ण झाल्याशिवाय फिल्टरला हात लावू नये, हे बजावून सांगावे लागते, कारण उलट क्रमाने काम केल्यास आवाज मंदावतो आहे तो फिल्टरने की पातळीने, हे कान सांगू शकत नाही.

आधी फिल्टर १ चालू करावा आणि ऑसिलेटर १ त्याच्याकडेच जातो आहे हे पाहावे. लो-पास प्रकार, म्हणजे वरचे स्वरांश कापणारा, निवडावा आणि रेझोनन्स (कापण्याच्या मर्यादेजवळचा भाग ठळक करणारा नॉब) कमी ठेवावा. आता कोणतेही एन्व्हलप न जोडता कटऑफ, म्हणजे ती कापण्याची मर्यादा, हाताने खाली आणत जावे. आवाज जिथे पूर्ण विझत नाही पण चमक गेलेली असते, ती विसाव्याची जागा. नोटेच्या शेवटी आवाज तिथे पोहोचणार आहे. त्यानंतर एन्व्ह २ ओढून कटऑफवर सोडावे. नॉबजवळ उमटणाऱ्या छोट्या गोलावर मात्रा, म्हणजे एन्व्हलपने तो नॉब किती हलवायचा ते, ठरते. व्हायटलमध्ये कटऑफचा पूर्ण पल्ला १२८ सेमिटोनचा (सेमिटोन म्हणजे लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधील अंतर) आहे, म्हणजे पाव मात्रासुद्धा ३२ सेमिटोन, अडीच सप्तकांहून अधिक उडी मारते. सुरुवात पाव मात्रेपासूनच करावी.

सर्वाधिक आढळणारी चूक अशी की कटऑफ आधीच उघडा ठेवलेला असतो आणि त्यावर धन मात्रेचे एन्व्हलप जोडले जाते. वर जायला जागा नसल्याने काहीच ऐकू येत नाही, मग मात्रा पूर्ण केली जाते, तरीही काही होत नाही.

एन्व्ह २ चे चार नॉब ठरवताना क्रम तोच : सस्टेन, डिके, रिलीज, अटॅक. तारेच्या आवाजासाठी सस्टेन शून्य आणि अटॅक शून्य. डिके मात्र एन्व्ह १ पेक्षा स्पष्टपणे आखूड हवा, ६०० च्या समोर २०० ते २५० मिलीसेकंद, कारण खुडलेल्या तारेत वरचे स्वरांश मूळ स्वराच्या आधी मरतात. दोन्ही एन्व्हलपांना सारखाच डिके दिला तर आवाज प्लास्टिकचा वाटतो, आणि फिल्टरचा डिके अधिक लांब ठेवला तर चमक कमी होण्याआधीच पातळी संपते व फिल्टर जोडल्याचा उपयोग कळत नाही. याच कारणासाठी एन्व्ह १ लाच कटऑफवर ओढून काम उरकण्याचा सोपा मार्ग मी सहसा सुचवत नाही.

एन्व्ह २ चा रिलीज हा स्वतंत्र सापळा आहे. समजा पॅडचा पातळीचा रिलीज ८०० मिलीसेकंद आहे आणि फिल्टरचा ५०. पट्टी सोडताच कटऑफ विसाव्याच्या जागी कोसळतो. ती जागा खूप खाली असेल तर शेपटी शिल्लक असूनही ऐकू येत नाही. माणूस एन्व्ह १ चा रिलीज दोन सेकंद, चार सेकंद करत जातो आणि आवाज तुटतच राहतो. टिकणाऱ्या आवाजांत दोन्ही रिलीज सारखे ठेवून सुरुवात करावी.

वरच्या पट्टीतल्या नोटा खालच्यांपेक्षा मंद वाटत असतील तर एन्व्हलप न बदलता फिल्टरचा की-ट्रॅक वाढवावा, म्हणजे स्वर चढेल तसा कटऑफही चढतो.

तपासणी : एन्व्ह २ ची मात्रा शून्यावर आणून आणि पुन्हा जागेवर नेऊन क्लिप दोनदा ऐकावी. फरक केवळ “मोठा-लहान” असा जाणवत असेल तर विसाव्याची जागा फार खाली आहे. “उजळ-मंद” असा जाणवला तर काम बरोबर चालले आहे.

टप्पा ७ : स्वराची उंची, गरज असेल तरच

एन्व्ह ३ ऑसिलेटरच्या स्वराच्या उंचीला जोडून तालवाद्ये करता येतात. किकसाठी, म्हणजे ड्रमच्या खोल ठोक्यासाठी, नवा कोरा पॅच घेऊन साइन लहर निवडावी, सुमारे ४९ हर्ट्झचा ‘जी’ हा स्वर वाजवावा आणि २४ ते ३६ सेमिटोनची मात्रा द्यावी. सस्टेन शून्य, डिके ४० ते ८० मिलीसेकंद आणि वक्र खोल. डिके १५० च्या पुढे गेला की आघाताऐवजी “प्यूं” असा घसरता सूर ऐकू येतो. बायाँच्या घुमाऱ्यात तळहाताच्या दाबाने स्वर चढतो, म्हणून तिथे उलटे करावे : एन्व्ह ३ ला १०० ते २०० मिलीसेकंदांचा अटॅक, सस्टेन पूर्ण आणि मात्रा ४ ते ७ सेमिटोन. खरा बायाँ यातून मिळत नाही, पण घुमाऱ्याचा आभास पुरेसा होतो.

सुरेल आवाजांवर उंचीचे एन्व्हलप लावायचे असल्यास मात्रा सेमिटोनच्या अंशातच ठेवावी. त्याहून अधिक झाली की गायकाला सूर सापडत नाही.

टप्पा ८ : पट्टीचा जोर आणि व्हॉइसची संख्या

व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टी दाबण्याचा जोर, पातळीला जोडण्यासाठी व्हायटलमध्ये स्वतंत्र नॉब आहे. परंतु तारेच्या आवाजात जोराने चमकही वाढायला हवी. त्यासाठी व्हेलॉसिटीचा मॉड्युलेटर एन्व्ह २ च्या मात्रेच्या गोलावरच ओढावा. मग हलक्या हाताने फिल्टर थोडा उघडतो आणि जोराने बराच. हे जोडताना मूळ मात्रा कमी करावी, नाहीतर जोरात दाबलेली प्रत्येक नोट कर्कश होते. सर्व मिडी नोटांचा जोर माउसने लिहिल्यामुळे सारखाच असेल तर या टप्प्याचा काही उपयोग नाही, आधी ते आकडे हलवावेत.

व्हॉइसची संख्या, म्हणजे सिंथ एका वेळी किती स्वर वाजवू शकतो ती, पॅचच्या रिलीजशी बांधलेली असते. आठ व्हॉइस असलेल्या पॅडवर चार स्वरांचा मेळ वाजवून सोडला तरी रिलीज संपेपर्यंत ते चार व्हॉइस अडकलेलेच असतात. दुसरा मेळ उरलेले चार घेतो, आणि तिसरा लवकर आला तर सिंथला विरत असलेले आवाज तोडावे लागतात; ते तुटणे टिचकीसारखे ऐकू येते. संख्या १२ किंवा १६ करावी, किंवा रिलीज आवरावा.

बेससाठी व्हॉइस १ वर आणल्यावर लेगाटोचे बटण पाहावे. ते बंद असेल तर एकमेकांवर चढलेल्या प्रत्येक नोटेला एन्व्हलप पुन्हा पहिल्यापासून चालते. चालू असेल तर दुसऱ्या नोटेला आघात मिळत नाही, फक्त स्वर बदलतो. “काही नोटांना ठोसा आहे, काहींना नाही” असा अनुभव आला की क्लिपमध्ये कुठल्या नोटा एकमेकींवर चढल्या आहेत ते आधी तपासावे.

दोष शोधण्याचा क्रम

आवाज उशिरा येत असेल तर प्रथम बफर आणि हेडफोन, मग एन्व्हलपमधील डिलेचा नॉब, आणि त्यानंतर अटॅक पाहावा. आवाज थांबत नसेल तर पेडल, मग इफेक्ट्स, मग रिलीज. आवाज अकाली तुटत असेल तर एन्व्ह १ चा रिलीज, मग एन्व्ह २ चा रिलीज आणि कटऑफची विसाव्याची जागा, शेवटी व्हॉइसची संख्या. नॉब फिरवूनही फरक पडत नसेल तर मॅट्रिक्सच्या टॅबवर जाऊन ते एन्व्हलप कशाला जोडले आहे ते वाचावे; भलत्याच नॉबवर सोडलेले मॉड्युलेशन तिथे एका ओळीत दिसते.

पॅच पूर्ण झाल्यावर रिव्हर्ब आणि इतर इफेक्ट्स परत चालू करावेत. रिव्हर्बने शेपटी लांबते, म्हणून या वेळी रिलीज साधारण पाव ते तिसऱ्या भागाने कमी करून पाहावा. गाण्याची लय पुढे बदलली, समजा ८० ची ९६ झाली, तर एन्व्हलपचे काळ आपोआप बदलत नाहीत. नवा ठोका ६२५ मिलीसेकंदांचा होतो, तेव्हा डिके आणि रिलीज त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे एक-षष्ठांशाने, कमी करून क्लिप पुन्हा वाजवावी. तारेच्या पॅचमधील दोन-तीन मिलीसेकंदांच्या अटॅकला लय बदलल्याने हात लावण्याची गरज पडत नाही. पॅडच्या अटॅकला मात्र पडते.